लागलंच तर असावी

मुंबईच्या बोराबाजारातल्या एखाद्या कॅमेऱ्याच्या दुकानात जा आणि ‘रोज गळ्यात अडकवून फिरायला एकच लेन्स द्या’ असं म्हणून बघा. तुम्ही कसले फोटो काढता, कुठे काढता, हे विचारायच्या भानगडीत काउंटरमागचा मुलगा पडत नाही. काचेवर १८-२०० मिलिमीटरची झूम येते. ‘घ्या साहेब. लग्न, बारसं, जंगल, सगळं हिच्यातच. लेन्स बदलायची कटकटच नाही.’ साहेब झूम फिरवतात, समोरच्या गल्लीतल्या पाटीवरचा फोन नंबर डोळ्यांत भरतो आणि खिशातून कार्ड बाहेर येतं.

कशाला घेतली? लागलंच तर असावी. लांबचं काही दिसलंच तर. बिबट्या आलाच तर. आता बिबट्या हल्ली सोसायटीच्या आवारात येतोही, नाही असं नाही. पण तो येतो रात्री, आणि २०० वर ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडायला तयार नसते.

या एफच्या आकड्याकडे दुकानात कुणी बघत नाही, कारण दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो. घरी तसं नसतं. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली, आयएसओ ८०० ठेवून, एफ/१.८ ला १/१२५ सेकंदात जो फोटो निघतो, त्यालाच एफ/५.६ वर सुमारे १/१३ सेकंद लागतो. प्रकाशात जवळजवळ दहापट फरक. मग दुकानदार म्हणतो, ‘साहेब, हिच्यात स्टॅबिलायझेशन आहे की!’ आहे ना. ते तुमचा थरथरता हात सांभाळतं. केकवर झेप घेणाऱ्या नातवाला धरून ठेवत नाही. परिणामी भिंतीवरचं कॅलेंडर तारखेनिशी स्वच्छ येतं आणि ज्याचा वाढदिवस, तो धुक्यात.

शिवाय अशा लेन्सा स्वभावाने मोकळ्या. गळ्यात कॅमेरा लटकवून गड चढायला लागावं, तर चार पावलांत लेन्स आपोआप घसरून लांब होते. निकॉनच्या २००५ च्या १८-२०० ची या बाबतीत इतकी ख्याती झाली की २००९ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने झूमला कुलूपच बसवलं. बाकी अनेक कंपन्यांनीही तेच केलं. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले, तो बंद करून ठेवायला एक बटण.

याच्या उलट टोकाला अभ्यासू मंडळी. ही मंडळी काउंटरवर फसत नाहीत, घरी बसून सहा महिने वाचन करून स्वतःच्या हाताने फसतात. त्यांना हवी २४-७० एफ/२.८. ‘काच चांगली घ्यावी, बॉडी बदलत राहते,’ हा मंत्र. मंत्र खोटा नाही. पण ही लेन्स ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुलफ्रेम सेन्सरचा हिशेब धरून केलेली, आणि यांच्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान. कॅननच्या लहान सेन्सरवर १.६ ने गुणायचं, निकॉन-सोनीच्या १.५ ने. म्हणजे कॅननवर २४-७० ची झाली जवळपास ३८-११२. रुंद बाजू गेली. पुण्यात विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग अख्खा मावावा म्हणून हे गृहस्थ मागे सरकत सरकत बाजीराव रोडच्या रहदारीत जातात आणि रिक्षावाल्याचे आशीर्वाद घेऊन परत येतात. विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘पुढेमागे फुलफ्रेम घ्यायचाच आहे.’ तोवर कॅननची दुसरी आवृत्ती धरली तर ८०५ ग्रॅम नुसती लेन्स, कॅमेरा वेगळा. एवढं ओझं घेऊन कुणी मंडईत जात नाही. मंडईतून येताना ठीक आहे.

तिसरे पन्नास मिलिमीटरवाले. हे कमी खर्चात येतात म्हणून मला थोडे प्रिय आहेत. लेन्स स्वस्त, हलकी, एफ/१.८, आणि तोंडी छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचं नाव. तो आयुष्यभर बहुतेक काम पन्नासवर करत राहिला, हे खरंच आहे. पण त्याचा लायका फुलफ्रेमएवढ्या फिल्मचा होता. तुमच्या लहान सेन्सरवर तीच पन्नास ७५ किंवा ८० होते. ब्रेसाँची नजर हवी असेल तर ३५ च्या आसपासची लेन्स घ्यायला हवी. पण ३५ म्हटलं की ब्रेसाँचं नाव घेता येत नाही ना! कॅननवर ही पन्नास लावून स्वयंपाकघरात उभे राहा. दोन मीटरवरून चौकटीत आडवं नव्वद सेंटिमीटरसुद्धा मावत नाही. पोळ्या लाटणारी आई आली तर पोळपाट जातो, पोळपाट घ्यावा तर आई जाते. पाठ आधीच फ्रिजला टेकलेली असते.

मग घ्यावी कुठली? कॅमेऱ्याबरोबर फुकट आल्यासारखी येते म्हणून जिला कुणी लेन्स म्हणत नाही, ती १८-५५ दिवसाउजेडी पुरेशी आहे. हलकी आहे, स्टॅबिलायझेशन बहुतेकींत असतं, आणि एफ/८ वर तिच्यातून काढलेला फोटो महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ठेवून कुठला कुठला ते ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून. तिचं दुखणं एकच, अंधार. त्यावर एक छोटी, झूम नसलेली लेन्स जोडावी. निकॉनच्या डीएक्सवाल्यांना, म्हणजे लहान सेन्सरवाल्यांना, ३५ एफ/१.८ आहे, फक्त २०० ग्रॅमची. कॅननवाल्यांना २४ एफ/२.८ आहे, १२५ ग्रॅमची, बिस्किटाएवढी चपटी. दोन मीटरवर तिच्यात पावणेदोन मीटरहून जास्त रुंदी मावते. आई, पोळपाट, तवा आणि मागे लुडबुडणारा भाऊ. आणि अगदी रुंद दृश्य हवंच असेल तर खिशात मोबाइल आहे. त्याचा मुख्य कॅमेरा फुलफ्रेमच्या हिशेबाने साधारण २४-२६ च्या कोनातूनच बघतो.

कुठली ते ठरवायलाही कुणाला विचारायची गरज नाही. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचे फोटो त्या आकड्याप्रमाणे लावून बघा. बहुतेकांच्या झूमचे दोनच आकडे निघतात: अगदी या टोकाचा आणि अगदी त्या टोकाचा. मधला सगळा प्रवास कंपनीने उगाच दिलेला. त्यातूनही खात्री पटत नसेल तर १८-५५ च्या झूमवर ३५ ला चिकटपट्टी लावा आणि रविवारभर तशीच फिरवा. पट्टी सारखी १८ कडे उपटावीशी वाटली तर रुंद घ्या, ५५ कडे वाटली तर पन्नासवाल्यांत सामील व्हा, मी अडवणार नाही. काहीच वाटलं नाही तर लेन्स मिळाली. पण पट्टीवर दुकानदाराला कमिशन नाही आणि यूट्यूबवाल्याला प्रायोजक नाही, म्हणून हा उपाय तुम्हाला कुणी सांगणार नाही.

जाता जाता मुंबई-कोकणवाल्यांसाठी. लेन्स कुठलीही घ्या, पावसाळ्यात चामड्याच्या देखण्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवली, की चामडं ओल धरतं आणि गणपतीला बाहेर काढेपर्यंत काचेवर बुरशीची नाजूक जाळी. प्लॅस्टिकचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच लागतं. त्याहून सोपं म्हणजे ती वापरणं.

आणि तरीही १८-२०० च हवी असेल तर नवी कशाला? जुन्या मालाच्या जाहिराती उघडा. एकसारखा मजकूर: ‘मिंट कंडिशन, क्वचित वापरलेली, अर्जंट विक्री.’ दुसऱ्या कुठल्या मालाबद्दल असं लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. इथे डोळे मिटून ठेवावा. पुढचा हुड बघा, अजून कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतो.