अठरा हजार विषय, एक सभा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. फ्लॅट २४, हजर ११, विषय ५. साडेदहाला गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि अकराला त्याच जागी, त्याच माणसांनी पुन्हा भरवली. मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्यातच चाळीस मिनिटं गेली. गच्चीवरच्या टाकीचं झाकण 'बसवावे' असं ठरलं होतं की 'बसवण्याबाबत विचार करावा' असं, यावर तळमजल्याच्या काकांचं आणि सेक्रेटरींचं एकमत होईना. दीड वाजता चहा आणि खारी आली, तेव्हा आम्ही दुसऱ्या विषयावर होतो.

दिल्लीत याहून फार कार्यक्षम सभा भरते. कुणाचा फोन ऐकायचा याचा आदेश केंद्रात गृहसचिव काढतात. तो कायद्याला धरून आहे ना, हे बघायला आढावा समिती असते. तिच्यात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. म्हणजे एका सचिवाच्या आदेशाची शहानिशा तीन सचिव करतात. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचं कुणी नाही, तळमजल्याचे काका तर नाहीतच. दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं, असा नियम.

या सभेची विषयपत्रिका केवढी असते, ते न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या माहिती संरक्षणावरच्या समितीच्या २०१८ च्या अहवालात आहे. माहिती अधिकारातल्या एका उत्तरानुसार केंद्राचे महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघत. म्हणजे एका बैठकीपुढे १५ ते १८ हजार. हे काम अवास्तव आहे, असं अहवालानं सभ्य भाषेत नोंदवलं. मी तेवढा सभ्य नसल्यानं कॅल्क्युलेटर काढला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जेवण नाही, चहा नाही, लघुशंकेची तर शंकाच नको. अठरा हजार आदेशांना प्रत्येकी १.६ सेकंद. पंधराच हजार असतील तर अध्यक्षांना जरा पाय पसरता येतात, १.९२ सेकंद मिळतात.

१.६ सेकंदांत काय काय होतं, ते मी घरी करून पाहिलं. खारी चहात बुडवून तोंडापर्यंत आणता येते. (ग्लुकोजचं बिस्कीट येत नाही, ते वाटेतच पडतं.) 'मान्य' एवढा शेरा लिहून होतो, सही राहते. 'सार्वजनिक आणीबाणी' हे शब्द कसेबसे म्हणून होतात. 'किंवा सार्वजनिक सुरक्षितता' म्हणेपर्यंत पुढची फाईल आलेली असते. हे शब्द १८८५ च्या तार कायद्यातले. यांपैकी एकही परिस्थिती नसेल तर फोन ऐकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात ठणकावलं आणि आढावा समितीची सोय लावून दिली. आढावा म्हणजे किती सेकंद, हे तेवढं सांगायचं राहिलं.

राज्यातही अशी समिती असते, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. मुंबईत दिल्लीपेक्षा कमी घाई असेल, असं लोकल पकडणारा कुणीही म्हणणार नाही. नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये, ते खासदार असताना, त्यांचा फोन 'अमजद खान' या नावानं ऐकला जात होता, आणि हा खान अमली पदार्थांच्या धंद्यातला दाखवला होता. लोक संतापले. मला मात्र ते हिशेबात चोख बसणारं वाटलं. कागदावरचं नाव वाचायला दोन सेकंद पुरतात. नंबर खरा कुणाचा आहे हे बघायला तिसरा लागतो, तो आणायचा कुठून? मला वाईट वाटतं ते कानाला हेडफोन लावून बसलेल्या हवालदाराचं. समोर एवढा मोठा तस्कर, आणि तो दिवसभर बोलतोय भंडाऱ्याच्या धानाबद्दल! (संवाद माझ्या कल्पनेतले आहेत.) 'धान' म्हणजे नेमका कुठला माल, 'बोनस' म्हणजे किती किलो, यावर बिचाऱ्यानं वह्याच्या वह्या भरल्या असतील.

पुढे चौकशी झाली. नेत्यांचे फोन ऐकल्याबद्दल पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. मग सरकार बदललं. एका गुन्ह्यात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला, दुसऱ्यात खटल्याला सरकारची मंजुरी मिळाली नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात दोन्ही रद्द झाले. अमजद खान अजून फरारी आहे.

(१९८८ मध्ये फोन ऐकण्याच्या प्रकरणावरून कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी, रामकृष्ण हेगडे यांनी, चक्क राजीनामा दिला होता. तेव्हा लोकांना वेळच वेळ असे.)

बरं, नागरिकांची तक्रार आहे म्हणावं, तर तीही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला ते ना तेव्हा कळवत, ना नंतर. मग तक्रार करणार कोण? आपलं ऐकलं गेलं हे कळायची एकच खात्रीची वाट, ती आरोपपत्रातून जाते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाचेच्या प्रकरणातल्या एका उद्योजकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न येतो कुठे, असं म्हणत ध्वनिमुद्रणंही नष्ट करायला लावली. पण त्यासाठी त्याला आधी सीबीआयचा आरोपी व्हावं लागलं. तुमच्याआमच्यासारख्या, वेळेवर वीजबिल भरणाऱ्या माणसाला ही सवलत नाही.

म्हणून सरकारला खासगीपणाची कदर नाही, असं मात्र म्हणू नका. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, तो सरकारनं फार मनावर घेतला आणि स्वतःला लागू करून टाकला. आदेश गोपनीय, बैठक गोपनीय, आणि गरज संपलेले कागद दर सहा महिन्यांनी नष्ट. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात तर केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्याच कायद्यातून सूट देता येते. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, तसं.

तार कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये फोन ऐकण्याचे नवे नियम निघाले. मी मोठ्या आशेनं वाचायला घेतले. बैठक: दोन महिन्यांतून एकदा. समिती: सचिव, सचिव आणि सचिव.

हे सगळं काकांना सांगावं म्हणून रात्री फोन लावला. "काका, ते दिल्लीच्या समितीचं..." एवढंच म्हटलं असेन.

"फोनवर नको," काका हळूच म्हणाले. "गच्चीवर ये. झाकणही बघून घेऊ."