निरंक असल्यास निरंक कळवावे

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही परभणीकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आणि बाहेरच्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. शेवटी ते घेतलं राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने. 2024 साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिकडे परिचारिका, चालक, नळ-वीजवाले कमी पडतात, ते आपण पुरवायचे. पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट दहा हजार. आणि या कामाची धुरा शालेय शिक्षण विभागाकडे. ज्या खात्याला जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवर दुसरा गुरुजी पाठवणं जड जातं, त्याने श्टुटगार्टला ड्रायव्हर पाठवायचं ठरवलं. महत्त्वाकांक्षा असावी तर अशी.

आता करार म्हटला की येणं-जाणं आलं. उद्या एखादा जर्मन साहेब परभणी स्टेशनवर उतरला आणि त्याने विचारलं, “तुमची शाळा चालवतं कोण?” तर आमची पंचाईत होईल. कारण गुरुजी नोकर ग्रामविकास विभागाचे, पण शिकवायचं ते शालेय शिक्षण विभागाचं. पुस्तक पुण्याच्या बालभारतीचं. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाचा, खिचडी शिजवणारी बाई गावातली, अंडं लोकसहभागाचं. (2023 च्या नोव्हेंबरात अंडं सरकारी झालं होतं. 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणीतून भागवा म्हणून सांगितलं. कोंबडीला काही कळवल्याचं ऐकिवात नाही.) मोजदाद दिल्लीच्या यू-डायसची. मतदारयादी निवडणूक आयोगाची, तीही गुरुजींच्याच पिशवीत. आणि इमारत, जिथे अजून उभी आहे तिथे, निजामाची.

निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला गेलं. इमारत मात्र अजून सेवेत आहे. वरून गळते, बाजूने फुगते, पण तिला निवृत्तीचं वय लागू नाही. पुढे 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या पदरात पडल्या. कल्पना झकास होती. गावची माणसं निवडून जातील, शिक्षण समितीत बसतील, अधिकाऱ्याला जाब विचारतील. जाब विचारलाही जायचा, बहुतेक वेळा बदलीचा. अमक्या गुरुजींना तमक्या गावी का टाकलं यावर जेवढा घसा कोरडा झाला, त्याच्या चौथाईनेही तो चौथीच्या पोराला भागाकार का जमत नाही यावर झाला नसेल. तरी माणसं होती, ओरडत होती, सभा तहकूब होत होत्या.

2022 च्या मार्चात परभणी जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, निवडणूक वर्षामागून वर्षं लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. म्हणजे साहेबांनी अधिकारी म्हणून प्रस्ताव मांडायचा, मग सर्वसाधारण सभा होऊन त्यावर साधकबाधक विचार करायचा, एकमताने मंजूर करायचा आणि पुन्हा अधिकारी होऊन तो अमलात आणायचा. सभात्याग नाही, टेबलावर बुक्क्या नाहीत, चहा एकच कप. त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत बसलेलं लेकरू चौथीत गेलं तरी सभा अशीच गुण्यागोविंदाने भरत होती. आणि शाळेत बसून पाहणाऱ्याला आधीच्या आणि नंतरच्या कारभारात फरक कळत नव्हता. हे माजी सदस्यांनी जरा मनाला लावून घ्यावं.

आता वाढीचं बोलू. जिल्ह्याची शाळाव्यवस्था वाढते आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. फक्त काय वाढतंय ते नीट पाहावं लागतं. 1999 च्या 1 मे ला हिंगोली वेगळी झाली तेव्हा जिल्हा लहान झाला आणि कचेऱ्या दुप्पट झाल्या. हीच आमची वाढीची जुनी रीत.

पोरं वाढवण्याची विद्याही या भागाला अवगत होती. शेजारच्या नांदेडात तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांमध्ये माणसं पाठवून पोरं मोजून घेतली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण बाकावर नसलेली लेकरं ढिगाने निघाली. मग 2011 च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखेला, अख्ख्या राज्यात पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटाला मतदारासारखी शाई लावली. न जाणो, एकच गंप्या सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या संस्थेत ‘हजर, गुरुजी’ म्हणायचा. ती कागदावरची लेकरं फार गुणी होती. तांदूळ उचलायची, तुकडी टिकवायची, शिक्षकाचं पद राखायची, आणि वर्गात गोंगाट म्हणून करायची नाहीत. काही संस्थाचालकांचा गळा त्यांच्या आठवणीने आजही दाटून येत असेल.

तेव्हा नसलेलं लेकरू कागदावर दिसायचं. आता असलेलं दिसेनासं झालं आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला गुरुजी किती द्यायचे हे ठरवण्यासाठी, आधार वैध ठरलेलीच पोरं धरायची असं धोरण आलं. शाळेच्या रजिस्टरला नाव ‘कोमल’ आणि आधारवर ‘कोमाल’ असलं की यंत्र म्हणतं, ही पोरगी जुळत नाही. जन्मतारीख शाळेत जूनची आणि आधारवर 1 जानेवारीची असली की मग ती जन्मलीच की नाही इथपासून सुरुवात. आई एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जाते. तिथे सर्व्हर डाऊन. ती परत येते आणि शाळेत येऊन म्हणते, “सर, लेकरू तुमच्या म्होरं बसलंय की!” गुरुजी म्हणतात, “बसलंय हो मावशी, पण पोर्टलवर बसंना.”

पटाची तारीख 30 सप्टेंबर. दिवाळी त्यानंतर येते. दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठकडची बिऱ्हाडं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात, लेकरांसकट. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण धाकट्या भावाला फडावर सांभाळायला मोठी बहीण लागतेच. तेव्हा सप्टेंबरात मोजलेली पोरगी डिसेंबरात शाळेत नसते आणि पोर्टलवर मात्र तिची प्रगती समाधानकारक असते. गणनेची तारीख निवडणाऱ्याला ऊस कधी तुटतो ते ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असावं.

आणि मोजून झाल्यावर काय करायचं? 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा शासन निर्णय वाचा. सहावी ते आठवीच्या वर्गांत 20 पेक्षा कमी पोरं असली तर शिक्षक शून्य. एकोणीस पोरं, तीन इयत्ता, विज्ञान, गणित, इंग्रजी, आणि गुरुजी शून्य. शून्य आपल्या देशाने जगाला दिला म्हणतात, तो शेवटी असा घरी परत आला. त्याच वर्षी सप्टेंबरात, शिक्षकदिनाच्या महिन्यात, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा कंत्राटी ठेवायचं ठरलं. आधी सेवानिवृत्त गुरुजी घेऊ म्हणाले, मग डी.एड., बी.एड. झालेले बेकार घेऊ म्हणाले, मानधन महिना 15,000. पोरं कमी म्हणून गुरुजी काढायचा, गुरुजी नाही म्हणून उरलेली पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्लिश स्कूलला जायची, आणि मग पट आणखी कमी झाल्याचा अहवाल मागवायचा. विहीर आटली म्हणून दोर कापावा आणि दोर नाही म्हणून पाणी मिळत नाही असा पंचनामा करावा, तशातली ही गत.

अहवालावरून आठवलं. जिल्हा परिषद शाळेत खरा गृहपाठ पोरांना नसतो, गुरुजींना असतो. सकाळी परिपाठ चालू असताना केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर घंटा वाजते: “अतितात्काळ. सोबतच्या विहित नमुन्यात माहिती आज दुपारी 2 पर्यंत सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.” यातलं शेवटचं वाक्य आम्हाला फार आवडतं. काही नसेल तर काही नाही, हेही लेखी पाहिजे. नुसतं नसणं चालत नाही, नसण्याची नोंद लागते. मग गुरुजी तिसरीला म्हणतात, “सतराचा पाढा लिहा रे,” आणि रेंज शोधत लिंबाखाली जातात. वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, शपथ घेतानाचा फोटो, वाचन करतानाचा फोटो. वाचन दोन मिनिटं, फोटो अपलोड व्हायला अर्धा तास. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये. निवडणुका आपल्याकडे भरपूर आणि आपत्तीही मुबलक, त्यामुळे कायद्याचं उल्लंघन करायची कुणाला फारशी गरज पडत नाही.

हा नमुना गुरुजींकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून विस्तार अधिकाऱ्याकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, मग वर जिल्हा परिषदेत. या जिन्यात प्रत्येक पायरीवर माणूस हवा. तो नसतो. असतो तो प्रभारी. शिकवणारा गुरुजी केंद्रप्रमुखाचा पदभार सांभाळतो, केंद्रप्रमुख विस्तार अधिकाऱ्याचा, विस्तार अधिकारी गटाचा. सगळे एकेक पायरी वर सरकलेले, त्यामुळे तळाची पायरी रिकामी. तळाला वर्ग असतो.

आपली शाळा चुकून खरंच वाढली तर काय होतं, त्याचाही दाखला आहे, फक्त परभणीचा नाही, पुणे जिल्ह्याचा. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा इतकी वाढली की प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. सरकारी मराठी शाळेला प्रतीक्षायादी म्हणजे काहीतरी घोटाळा असणारच. 2021 साली मुख्याध्यापक निलंबित झाले. पुढे तेच गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, मरणपंथाला लागलेली तिथली शाळा उभी केली आणि 2025 साली तिने जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार पटकावला. मग सत्कार झाले. यातून आमच्या इथल्या गुरुजींनी घ्यायचा तो धडा घेतला आहे. शाळा वाढवताना बेतानं वाढवावी. साहेबांच्या नजरेत भरेल इतकी नको, आणि संचमान्यतेत उडेल इतकी कमीही नको.

शेवटी गावकऱ्यांचा उपाय उरतो, आणि मराठवाड्यात तो जुना आहे. जून जातो, जुलै जातो, गुरुजी येत नाही, निवेदनांच्या पोचपावत्यांची चळत होते. मग एक दिवस टेम्पो ठरतो. पोरं, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, पाच-सहा बाया, सरपंच, आणि शाळा थेट जिल्हा परिषदेत भरते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनासमोर व्हरांड्यात पोरं मांडी घालून बसतात आणि बे एक बे सुरू होतं. कारकून फायलींवरून मान वर काढतात. कितीतरी वर्षांनी त्या इमारतीत कुणीतरी शिकताना दिसत असतं. साहेब बाहेर येतात, पोरांना बिस्किटं वाटतात, आठ दिवसांत शिक्षक देतो म्हणतात, गावकरी म्हणतात लेखी द्या.

लेखी मिळतं. आमचा अंदाज असा की त्यासोबत खाली एक पत्रही जात असावं: “आपल्या कार्यक्षेत्रातील शाळा आज या कार्यालयाच्या व्हरांड्यात भरल्याचे निदर्शनास आले आहे. सदर शाळेचा 2717 ने सुरू होणारा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, उपस्थित मुले, मुली, आधार वैध, आधार अवैध अशी माहिती विहित नमुन्यात आज दुपारी 2 पर्यंत सादर करावी. व्हरांड्यातील शाळेसाठी शिक्षकाचे पद अनुज्ञेय नाही, याची नोंद घ्यावी.”