सेल्फ गेला, डिअरबॉर्न राहिलं

शनिवारी सकाळी डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड संग्रहालय उघडता उघडता आत शिरायचं, असं ठरलं होतं. ॲन आर्बरहून अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. थालीपिठं डब्यात गेली, आजींनी उन्हाळ्यातही स्वेटर घातला, नातू खिडकी पकडून बसला. आजोबांना मोटारींचं फारसं कौतुक नव्हतं, त्यांना तिथली बस पाहायची होती. १९५५ साली माँटगोमेरीत रोझा पार्क्स जिच्यातल्या जागेवरून उठल्या नाहीत, ती. एस.टी.च्या कार्यशाळेत, रत्नागिरीला, अख्खी नोकरी काढलेल्या माणसाने अमेरिकेत येऊन दुसरं काय पाहावं?

जावयाने किल्ली फिरवली. बॉनेटखालून आवाज आला, टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र दिवाळीसारखे लखलखत होते.

"जावईबापू, सेल्फ गेलाय," मागच्या सीटवरून निदान झालं.

बालवाडीपासून 'बी युवरसेल्फ' ऐकत वाढलेल्या नातवाला कुणाचा सेल्फ गेला आणि कुठे गेला, ते कळेना. सेल्फ-स्टार्टरमधला स्टार्टर आपल्या गॅरेजवाल्यांनी केव्हाच गाळून टाकलाय, हे त्याला कोण सांगणार? आणि सेल्फ गेला तर काय करायचं हेही ठरलेलं. मुक्कामाची गाडी ड्रायव्हरने रात्री उतारावर लावायची, सकाळी ब्रेक सोडायचा, वेग आला की क्लच सोडायचा. उतार नसेल तर प्रवासी आहेतच.

"चला, धक्का!" म्हणत आजोबा उतरले. समोरच्या घरातले चार विद्यार्थीही बाह्या सरसावून आले. त्यांचं मिशिगन विद्यापीठ १८१७ मध्ये डेट्रॉइटला स्थापन झालं आणि १८३७ मध्ये इथे आलं, म्हणजे अख्खं विद्यापीठ हलवण्याचा अनुभव गावाच्या गाठीशी होता. जावई ओशाळून म्हणाला, "बाबा, ही ऑटोमॅटिक आहे." ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर तेलामार्फत चाकांकडे जातो, आणि त्या तेलाचा पंप चालवतं इंजिनच. इंजिन बंद तर पंप बंद. मग चाकं मैलभर फिरवा, वर पत्ता लागत नाही.

"म्हणजे हेड ऑफिससारखं," आजोबा म्हणाले.

बॅटरीला मीटर लावला. १२.६ व्होल्ट, ठणठणीत. आजोबांनी खालून हात घालून मोटरीला पान्याने चार टोले दिले. आतले झिजलेले कार्बन अशा टोल्यांनी कधी कधी एखादी खेप शुद्धीवर येतात. हे आले नाहीत.

सुट्या भागांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. सासरे-जावई पायी निघाले, आणि डिअरबॉर्नऐवजी ॲन आर्बरचंच दर्शन घडलं. हे गाव १८२४ मध्ये दोन गृहस्थांनी वसवलं. दोघांच्याही बायका ॲन, त्यामुळे बारसं बिनविरोध पार पडलं. वाटेत मिशिगन स्टेडियम लागलं. १९२७ सालचं, बरंचसं जमिनीत खोदलेलं, त्यामुळे रस्त्यावरून आकाराचा अंदाज येत नाही. बसायची सोय १,०७,६०१ जणांची. गावाची वस्ती २०२० च्या जनगणनेत १,२३,८५१. आजोबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "उरलेले सोळा हजार बाहेर शेंगदाणे विकत असतील."

दुकानात आजोबांनी जावयाला बोलू दिलं नाही. "सेल्फ. फॉर कार." काउंटरवरच्या पोराने अदबीने त्यांना कपाटाच्या फळ्यांपाशी नेऊन उभं केलं. शेवटी जावयाला मध्ये पडावं लागलं. मोटर आली ती दुरुस्त करून नव्यासारखी केलेली, आणि बिलात वर आणखी एक रक्कम. जुनी मोटर आणून दिलीत की ही परत मिळेल. आजोबांचा चेहरा उजळला. "अरे, ही तर बोहारीण!"

घरी आल्यावर आधी बॅटरीची ऋण वायर सोडली. मोटर दोनच बोल्टांवर होती. एक दिसत होता, दुसरा नुसताच हाताला लागत होता, आणि गंजून गच्च झाला होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटात जाऊन बसतं. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे हे ऐकून आजोबा म्हणाले, "आमच्याकडे खारा वारा फुकट येतो. तुम्ही खणून आणता."

बोल्टावर तेल सोडलं. ते मुरेपर्यंत सासरे-जावई गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून राहिले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दोघं इतकं निवांत प्रथमच बोलत होते. विषय केटरिंग. चार्ल्स केटरिंगने आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिला दिवसभर चालायचं नसतं, क्षणभर जोर लावला की सुट्टी. इंजिन सुरू करायलाही तेवढंच लागतं, या हिशेबाने त्याने १९११ मध्ये सेल्फ सिद्ध केला आणि डेट्रॉइटच्या कॅडिलॅकने तो १९१२ च्या गाड्यांवर दिला. तोवर हँडल मारावं लागे, आणि उलटं फिरलं की मनगट जाई.

"अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा," आजोबांनी गाडीखालीच हात करून दाखवला. "आवळून धरला की गेला."

"अहो, झोपलात की काय तिथे?" आजींचा आवाज आला.

बोल्ट साडेतीनला निघाला. चारच्या आत नवी मोटर चढली. किल्ली फिरली, इंजिन गुरगुरलं, विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि थालीपिठांवर हक्क सांगितला. डबा तिथेच संपला.

डिअरबॉर्नला पोचायला पावणेपाच झाले. संग्रहालय पाचला बंद होतं. जावई पहिल्याच मोकळ्या जागेत गाडी घालणार तोच मागून आवाज आला, "इथे नको. उतारावर लावा."

डिअरबॉर्न पोळपाटासारखं सपाट आहे. सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा? पाचला दहा कमी असताना मिनिव्हॅन वाहनतळाची तिसरी फेरी मारत होती.