पश्चिमेची झड

"काकी, ऐकलंत का? मागच्या वाडीत तो मुंबईचा इंजिनीअर बंगला बांधतोय ना, एकही माड तोडायचा नाही म्हणे. घर माडांच्या मधून काढायचं."

"मधून काढायला घर आहे की पाट?"

"हसू नका. नांदगावला तसलं घर 2007 सालीच झालंय. पामायरा हाऊस. आर्किटेक्ट बिजॉय जैन आहेत ना, स्टुडिओ मुंबईचे, त्यांचं. आमच्या ह्यांचा मावसभाऊ सुतार, त्याच्या मोबाइलमध्ये फोटोच आहेत. नारळाच्या बागेत दोन लांबट लाकडी घरं समोरासमोर, मध्ये पोहायचा हौद. भिंतीच्या जागी ताडाच्या पट्ट्यांच्या झडपा. वारा येतो, ऊन बाहेर राहतं."

"ताड? त्याचा गाभा तर भुसा असतो गं."

"बाहेरचं लाकूड टणक असतं ना, तेच घेतलंय. सांगाडा ऐनाचा. पाणी आवारातल्या विहिरींचं. उंच टाकीत चढवायचं, मग आपलं आपण घरात उतरतं."

"आणि राहतं कोण तिथे?"

"शनिवार-रविवारचं घर आहे ते."

"मग झालं तर! पाच दिवस कुलूप लावून मीही निसर्गाला धरून राहीन."

"श्रीमंतांचंच काम असं नाही हो. केरळात लॉरी बेकर गरिबांसाठी बांधायचे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, आत पोकळी सोडायची. पावपट विटा वाचतात, शिवाय भिंत तापत नाही."

"आमच्या सासूबाईंचं घर काय तापायचं? चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मिरगाआधी पडवीला झापं बांधली की झड आत येत नसे."

"मग पाडलंत कशाला?"

"माकडं! एक टोळी आली की पन्नास कौलं फुटली. शाकारायला माणूस मिळेना. लेकाने स्लॅब ओतला. तो गळला म्हणून वर पत्रे घातले. तरी दुपारी माडीवर बसवेना, म्हणून एसी. आता बिल आलं की माझ्याकडे बघतो, जसा काही वारा मीच अडवलाय. पण ते जाऊ दे, त्या इंजिनीअरने पश्चिमेला काय ठेवलंय?"

"काच. जमिनीपासून वरपर्यंत. समुद्र दिसायला हवा ना."

"आणि वळचण?"

"अगदी आखूड. लांब केली तर फोटोत चांगली दिसत नाही म्हणे."

"अगंबाई! मग यंदा झापं विणून ठेव चार जास्त. आणि दर आधी सांगू नकोस."