कृपया सर्वांनी सहभाग नोंदवावा

रविवारी रात्री नऊ ते दहा गटावर ‘थेट गप्पा’ चालवणाऱ्या माणसाइतका मानी प्राणी धुळ्यात दुसरा नसेल, आणि तो प्राणी मीच असल्यामुळे हे विधान पुराव्याशिवाय मान्य करावं. आपण विषय टाकला की गट उसळेल, अशी या प्राण्याची मनोमन खात्री असते. विषय कोणता, तर ‘बदलती जीवनशैली आणि आपण’. खाली ओळ, ‘कृपया सर्वांनी सहभाग नोंदवावा’. मग तो स्वतःच्याच मेसेजवर बोट दाबून धरतो, ‘माहिती’ उघडतो आणि कोणी कोणी वाचलं याची यादी वर-खाली सरकवत बसतो. यादी वाढत जाते, उत्तर काही येत नाही. शेवटी एक अंगठा येतो, तोही बहुधा चुकून दाबला गेलेला. व्हॉट्सॲपने 2014 साली त्या निळ्या खुणा आणल्या नसत्या तर पुष्कळ संचालक सुखाने म्हातारे झाले असते. पूर्वी ‘रेंज नसेल’ म्हणून मनाची समजूत घालता यायची, आता लोकांनी वाचूनच दुर्लक्ष केलंय हे वेळेसकट दिसतं. एवढ्या अपमानानंतर माणूस विचार करायला लागतो, आणि मी जो विचार केलाय तो असा, की लोक गप्प बसतात याचा दोष लोकांकडे कमी आणि विचारणाऱ्याकडे जास्त असतो. आम्ही बोलायला सांगतो, पण बोलण्याजोगं काही शिल्लक ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने 2006 मध्ये लिहून ठेवलंय, की ऑनलाइन जमावात शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि सगळा गोंधळ एकटा घालतो. म्हणजे हा निसर्गनियमच झाला, त्यात संचालकाने वाईट काय वाटून घ्यायचं? वाटतं खरं. पण मग गीतेचंच घ्या. सातशे श्लोकांतला चार पंचमांशांहून जास्त वाटा श्रीकृष्णाचा, अर्जुनाचा त्यापुढे थोडका, आणि धृतराष्ट्र एक श्लोक बोलून जो गप्प बसला तो अठरा अध्याय हूं की चूं नाही. नील्सनसाहेबांचा हिशेब आपल्याकडे इतका जुना आहे. फरक एवढाच, की अर्जुनाला कोणी ‘सहभाग नोंदव’ म्हणालं नव्हतं. त्याची अडचण खरी होती, म्हणून तो बोलला. आमच्या ‘बदलत्या जीवनशैली’त कोणाची काय अडचण? प्रमाण ठरलेलं असेलही, पण नव्वदातला एखादा अर्जुन कधी होतो हे प्रश्नावर ठरतं. आणि मी नुसतं तर्काने बोलत नाही, माझ्याकडे भरताचा पुरावा आहे.

गटावर ‘आपल्या भागातल्या खाद्यसंस्कृतीविषयी माहिती द्या’ असं लिहा, कोणी ढुंकूनही बघणार नाही. त्याऐवजी लिहा, ‘वांग्याच्या भरतात टोमॅटो घालावा, कांदा छान परतून घ्यावा आणि वांगं गॅसवर भाजावं.’ फोन हातातून खाली ठेवायच्या आत उत्तर येतं, ‘भरीतमा टमाटा टाकतस का कोठे भो?’ आणि धरण फुटतं. जे सभासद वर्षानुवर्षं नुसता गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात पाठवत होते ते भाजण्याच्या शास्त्रावर परिच्छेद लिहितात. वांगं कपाशीच्या काड्यांवरच भाजलं पाहिजे, असं एक म्हणतो. तुराट्यांचा जाळ बरा, असं दुसरा. दोघेही आता बंद इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि दोघांकडेही काडी नाही, ही गोष्ट वेगळी. मग ठेचायचं कशात यावर वाद. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला गटातून काढा, अशी रीतसर सूचना येते, लाकडी बडगीचा फोटो पुराव्यादाखल सादर होतो. मिरची हिरवी, तीही भाजून, लसणाबरोबर ठेचलेली. शेंगदाणे आधी तळून. पातीचा कांदा शेवटी की फोडणीत, यावर दोन तट पडतात. सोबत कळण्याची पुरी की कळण्याची भाकरी, इथे तर चुलत भाऊ एकमेकांना ओळखेनासे होतात. एवढ्यात कोणीतरी जळगावकर पाहुणा सांगून जातो, की भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते जळगावच्या नावाने, धुळ्याच्या नव्हे. खरं आहे, त्यांच्या बामणोदकडचं ते पांढुरकं हिरवं, गुबगुबीत, बिया कमी असलेलं वांगं आम्हा धुळेकरांनाही मान्य करावंच लागतं, भाजल्यावर त्याची साल अशी अलगद सुटते की भांडायला तोंडच उरत नाही. पण गटावर हे कबूल करायचं नसतं. करायचं असतं ते हे, की वांगं तुमचं असेल, हात आमचा. या एका विषयावर मी आणखी चार पानं लिहू शकतो, पण मुद्दा चर्चेचा आहे. संगणकवाल्यांच्या जगात याला कनिंगहॅमचा नियम म्हणतात: बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर ठोकून द्या. ज्या कनिंगहॅमच्या नावावर तो खपतो ते गृहस्थ स्वतः तो नाकारतात, म्हणजे नियम त्यांनाही लागू पडला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो धुळ्यातूनच येतो. ऐकणं हाही सहभागच नाही का? 1932 साली इथल्याच तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. गुरुजी गप्पच होते आणि त्या गप्प माणसामुळेच आज ‘गीता प्रवचने’ हातात आहे. मान्य, शंभर टक्के मान्य. पण गुरुजी गप्प होते, रिकामे नव्हते. त्यांच्या हाताला काम होतं, आणि जे काम ते करत होते ते दुसऱ्या कोणाला तसं जमलं नसतं. आमच्या नव्वदांना आम्ही काय काम देतो? अंगठा. रेडिओवाले यात आमच्याहून शहाणे निघाले. फर्माईश पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव ते वाचून दाखवत, बाकी काही नाही, आणि तेवढ्यासाठी झुमरी तलैयातून इतकी पत्रं गेली की गाव देशभर माहीत झालं. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही काही साधी लाच नाही. ज्या शहराने आपल्या गल्ल्यांना नावं न देता नुसते नंबर दिले, त्या शहरातल्या संचालकाला हे उशिरा कळावं हे साहजिक आहे.

मात्र नाव घेऊनही काही जण बोलत नाहीत, आणि इथे माझा विनोद जरा अडखळतो. गटाच्या माथ्यावर कोणाचं तरी नाव येतं, ‘टाइप करत आहे’. येतं, जातं, पुन्हा येतं. बराच वेळ. मग काहीच नाही. बहुतेकदा ते नाव एखाद्या वहिनींचं असतं, ज्यांच्या गटात सासरे, जेठ आणि दोन नणदा आहेत, किंवा सुरतेला उधन्यात राहणाऱ्या एखाद्या भाऊचं, जो घरी अहिराणी बोलतो, कारखान्यात हिंदी, शेजारी गुजराती, आणि गटावर आम्ही त्याच्याकडून पुस्तकी मराठीची अपेक्षा धरतो. 2011 च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर भरले. म्हणजे माणसं आहेत, भाषा आहे. नाही ती खात्री, की कोणी हसणार नाही. शाळेत ‘नीट बोल’ म्हणून आणि पुण्यात वसतिगृहावर नक्कल करून ती खात्री आपणच काढून घेतली. बहिणाबाई चौधरी लिहा-वाचायला शिकल्या नव्हत्या, लेवा बोलीत ओव्या म्हणायच्या, घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून 1952 साली, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. त्या आमच्या गटावर असत्या तर पहिल्याच ओळीखाली कोणी तरी लिहिलं असतं, ‘ताई, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ आणि त्याला सात अंगठे मिळाले असते. हे लिहिताना मला खरोखर राग येतो, आणि तो ज्यांच्यावर येतो त्यांतले काही सभासद अतिशय सज्जन, निवृत्त आणि व्याकरणात पक्के आहेत.

तेव्हा विषय टाकणाऱ्याने आधी स्वतःच अहिराणीत, थोडं चुकत का होईना, लिहावं हा माझा उपाय आहे. यावर ‘मग दर्जा राहणार नाही’ असा तिसरा आक्षेप येतो. दर्जा सांभाळायला आपल्याकडे संस्था आहेत. इतिहासाचार्य राजवाडे तर दर्जापायी इतके कडक होते, की 1910 साली पुण्यात ज्या मंडळाच्या स्थापनेत पुढे होते त्यातूनच पुढे बाहेर पडले; आजच्या भाषेत सांगायचं तर स्वतः काढलेला गट सोडणारे ते आद्य संचालक. त्यांची अखेर धुळ्यात झाली आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच आहे, कागद जपायला. गप्पांना तेवढी जपणूक लागत नाही. त्या वाहून गेल्या तरी चालतात.

या उपायाचा तोटा एकच आहे आणि तो संचालकाने गिळायचा असतो. लोक बोलू लागले की त्याच्याशी कोणी बोलत नाही. उधन्याचा भाऊ वहिनींना विचारतो, वहिनी शिरपूरच्या मावशींना, मावशी त्यांच्या वांग्यांचा फोटो टाकतात. दहाची वेळ ठरलेली असते, साडेअकरा वाजतात, मी अध्यक्षीय थाटात लिहितो, ‘मित्रहो, आता समारोप करूया’, बोट दाबून धरतो, ‘माहिती’ उघडतो. सगळ्यांनी वाचलेलं असतं. खाली पुढचा मेसेज, ‘पण मावशी, लसून किती टाकना?’