अवखळ नायिकेवर वाद कसा घालावा

सिनेमावेड्या मंडळींत वादाला विषय उरला नाही की अवखळ नायिका काढावी. ती सगळ्यांनी पाहिलेली असते: अनोळखी माणसाशी अखंड बडबडणारी, केस निळे किंवा नारिंगी रंगवणारी, भर पावसात छत्री मिटणारी. समोर तोंड पाडून बसलेला नायक असतो आणि दोन तासांत तो हसू लागतो. 2007 साली नेथन रेबिन या अमेरिकी समीक्षकाने 'एलिझाबेथटाउन'वर लिहिताना या मुलीला 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' असे नाव दिले. नवशिक्याने ते पाठ करून ठेवावे. ते ठसक्यात उच्चारता आले की सिनेमा पाहिलेला नसला तरी भागते, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण समज आहे.

सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे लक्षणे मोजणे. केस रंगवले, एक गुन्हा. युकुलेली वाजवते, दोन. हसता हसता रडते, तीन. की लगेच शिक्का मारावा. पद्धत झटपट आहे, फक्त तिच्यात निरपराध माणसे फार सापडतात. 1977 च्या 'ॲनी हॉल'मधली ॲनी पुरुषी टाय आणि जाकीट घालते, वाक्य अर्ध्यात सोडते, गाडी जीव मुठीत धरायला लावेल अशी चालवते. सगळी कथा सांगतो तिचा प्रियकर. म्हणजे पुरावा भक्कम. पण क्लबात ती पहिल्यांदा गाते तेव्हा फोन वाजतोय, लोक गप्पा मारताहेत, तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. आणि पुढे तीच बाई नीट गाऊ लागते, लॉस एंजेलिसला जाते, त्याला मागे टाकते. तिच्या लकबी होत्या तशाच राहिल्या, तरी तिचे आयुष्य पुढे सरकले. तेव्हा लकबी मोजून काही हाती लागत नाही. मोजायचेच असेल तर एवढे मोजावे: नायक समोर नसताना ही बाई काय करते?

ही मोजपट्टी 'एलिझाबेथटाउन'ला लावून पाहा. ड्रूने तयार केलेल्या बुटाने कंपनी बुडायची वेळ आणली आहे, तो जीव द्यायच्या तयारीत आहे, त्यात वडील गेल्याची बातमी येते. विमानात त्याला हवाईसुंदरी क्लेअर भेटते. शेवटाकडे ती त्याच्या हाती प्रवासाचे एक बाड ठेवते: हाताने सजवलेले नकाशे, सोबत सीडी, कुठे थांबायचे आणि कुठले गाणे कुठे ऐकायचे याच्या बारीक सूचना. विमानातली नोकरी सांभाळून तिने हे केले कधी, त्या रात्री झोपली किती, हे विचारायला दिग्दर्शक कॅमेरन क्रो यांना सवड झाली नाही. तिचा सगळा मोकळा वेळ ड्रूच्या खात्यावर जमा झाला आहे. क्लेअर दोषी.

रेबिन यांनी नाव दिले त्याच 2007 साली आपल्याकडे 'जब वी मेट' आला आणि चाहते त्यातल्या गीतवरही तोच शिक्का घेऊन धावतात. घाई करू नये. गीतची बडबड नायक आदित्यसाठी नाही. तो भेटण्याआधीच तिचा बेत ठरला आहे, तो मनालीच्या अंशुमनशी लग्न करण्याचा. पूर्वार्धात ती आदित्यला त्याच्या जुन्या प्रेयसीचा फोटो जाळायला लावते. उत्तरार्धात शिमल्याच्या शाळेत ती गप्प गप्प शिक्षिका झालेली आढळते आणि आता तो तिला अंशुमनला फोनवर शिव्या द्यायला लावतो. औषध परत आले. यावर कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी तिलाही पुरुषानेच बरे केले ना? आक्षेपात दम आहे, उडवून लावू नये. पण दिग्दर्शक इम्तियाज अली यांनी तिला कोसळू दिले. क्लेअरला तेवढीही मुभा नव्हती.

दुसरा आक्षेप जरा चतुर असतो: पुरुषांचे काय? 1971 च्या 'आनंद'मधला आनंद तरी दुसरे काय करतो? अनोळखी लोकांशी बडबडतो, उदास डॉक्टरला जगायला शिकवतो. अगदी बरोबर, आणि हे उदाहरण विरोधकाने काढायच्या आत आपणच काढावे. फरक असा की त्या सिनेमाला नाव आनंदचे आहे, दुखणे त्याचे आहे आणि प्रेक्षक रडतात तेही त्याच्यासाठी. क्लेअरचा सिनेमा मात्र ड्रूच्या वडिलांच्या गावाच्या नावाने ओळखला जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हा शिक्काच बायकांवर अन्याय करतो. झोई कझान यांनी 2012 च्या 'रूबी स्पार्क्स'ची पटकथा लिहिली, रूबीही साकारली. त्यातला लेखक टंकयंत्रावर लिहितो की ती फ्रेंच बोलते, आणि ती समोर उभी राहून फ्रेंच बोलू लागते. हा खेळ पुढे इतका क्रूर होतो की हसू घशात अडकते. या कझान यांनाही 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' हे नाव पसंत नव्हते. खुद्द रेबिन यांनी 2014 मध्ये ते जन्माला घातल्याबद्दल माफी मागितली. त्यांचे बरोबर आहे, कारण शिक्का मारला जातो तो बाईवर आणि आळस असतो पटकथाकाराचा. म्हणून आरोपपत्रावर नाव पटकथाकाराचे लिहावे.

वाद '(500) डेज ऑफ समर'पर्यंत नक्की पोचेल, तिथे मात्र सावध राहावे. शीर्षकात नाव समरचे, पण दिवस मोजतो नायक टॉम. तिने त्याला फसवले, असे कुणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्याला आयकियाच्या दुकानातला प्रसंग पुन्हा लावून दाखवा. मला गंभीर असे काही नको आहे, हे ती तिथे टॉमला साध्या शब्दांत सांगते आणि तो मान डोलावतो. एवढे दाखवून झाले की चहाचे बिल समोरच्याला भरायला लावा.