शिरूरहून दौंड, व्हाया परजिल्हा

शिरूरच्या माणसाला कुठं कुठं फिरलास विचारलं, तर तो पुणं, नगर, शिर्डी, तिरुपती आणि हल्ली दुबईसुद्धा सांगतो. दौंड सांगत नाही. दौंड तालुका आमच्या तालुक्याला खेटून आहे, मध्ये फक्त भीमा. अंतरानं पाहिलं तर पुण्यापेक्षा जवळ. पण शिरूरचा रस्ता पुण्याला जातो आणि दौंडची रेल्वेही पुण्याला जाते. त्यामुळे हे दोन शेजारी भेटलेच तर पुण्यात भेटतात, तेही रिक्षावाल्याशी भांडताना.

तसं मी दौंड पाहिलेलं होतं. रात्री, वरच्या बर्थवरून, एक डोळा उघडून. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून मागच्या टोकाला लावत आणि गाडी आल्या दिशेनंच निघे. डब्यात हमखास एखादे आजोबा दचकून उठायचे, "अहो, ही परत पुण्याला निघाली!" म्हणत अर्धा डबा जागा करायचे, आणि दौंडचं माहात्म्य जाणणारा कुणीतरी त्यांना झोपवायचा. आता बाहेरून कॉर्ड लाइन झाली, त्यामुळे तिकडच्या गाड्या इंजिन न फिरवताच निघून जाऊ शकतात. पूर्वी लोक निदान झोपेत तरी दौंडला यायचे.

जागेपणी जायचा योग मेव्हण्याच्या मुलीमुळं आला. तिला दौंडचं स्थळ सांगून आलं. स्टँडवर शेजारच्या प्रवाशाला गाडीचं विचारलं, तर तो मला वेड्यात काढत म्हणाला, "दौंड? पुण्याला जा की. तिथनं रेल्वे हाय." शेवटी मेव्हण्यानं स्वतःची गाडी काढली.

न्हावऱ्यापर्यंत दोन्ही अंगाला ऊस आणि पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. त्याच्या मागं राहून वाचायला मिळतं तेवढं साहित्य मिळालं. मग इनामगाव. इथल्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. मी मेव्हण्याला सांगितलं, की ती माणसं मेलेल्याला घराच्या जमिनीतच पुरायची आणि मोठं माणूस असेल तर त्याची घोट्याखालची पावलं आधी तोडायची. त्यानं भूत होऊन घर सोडून जाऊ नये, असा अभ्यासकांचा तर्क.

"बरोबर हाय दाजी," मेव्हणा गिअर बदलत म्हणाला, "नायतर गेला असता दौंडला."

घोड नदी ओलांडली आणि अहिल्यानगर जिल्हा लागला. मेव्हण्यानं गाडी बाजूला घेतली. "दाजी, आपण पुणे जिल्ह्यातनं पुणे जिल्ह्यातच चाललोय ना?" चाललो तर होतो. पण जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं काष्टी हे परजिल्ह्यातलं गाव मध्ये घुसलंय, त्याला आम्ही काय करणार? पेडगावही त्याच अंगाला. तिथं जायचं तर आधी वेड पांघरावं लागतं, आणि आम्ही इस्त्रीचे कपडे घालून निघालेलो. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा स्वजिल्ह्यात परतलो.

दौंडमध्ये रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल ही दोन मोठी दैवतं. गाडी १८७८ मध्येच इथून मनमाडपर्यंत जाऊ लागली. आमच्या शिरूरला अजून रेल्वेचा भोंगाही ऐकू येत नाही. मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. पोहे झाले, पत्रिका झाली. मग घर दाखवायचं सोडून ते आम्हाला स्टेशन दाखवायला घेऊन गेले. तिथं नेमकं एका गाडीचं इंजिन काढायचं चाललं होतं. एक माणूस रुळांत उतरला, ब्रेकची नळी सोडवली तशी फुस्स करून हवा सुटली. मग दोन डब्यांएवढ्या ताकदीनं जोडणीचा स्क्रू फिरवला, जड कडी आकड्यातून उचलली आणि बाहेर येऊन हात फडक्याला पुसले. इंजिन एखाद्या रुसलेल्या जावयासारखं एकटंच पुढं निघून गेलं. मेव्हण्यानं माझ्याकडं आणि मी मुलाच्या वडिलांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर घरचं कार्य पार पडल्याचं समाधान होतं.

"तुमच्या शिरूरला काय बघण्यासारखं?" त्यांनी विचारलं.

मी कर्नल वॉलेस काढला. हा इंग्रज १८०९ मध्ये शिरूरच्या छावणीत वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं आणि सुगीचं नवं धान्य आलं की त्याच्या समाधीला नैवेद्य दाखवू लागले.

ते बराच वेळ गप्प राहिले. "आमच्याकडं साहेबानं एवढे रूळ टाकले," ते म्हणाले, "पण साधा नारळसुद्धा फोडल्याचं ऐकलं नाही कधी."

स्थळ पसंत पडलं. देण्याघेण्याचा विषयच निघाला नाही, मानपान दहा मिनिटांत मिटलं. अडलं ते एकाच ठिकाणी. मेव्हणा म्हणाला, लग्न रीतीप्रमाणे मुलीकडं, शिरूरला.

"शिरूरला वऱ्हाड आणायचं कसं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "गाडी तर जात नाही."

"काष्टीवरनं या की."

"नगर जिल्ह्यातनं?" घरातली चार माणसं एकदम म्हणाली.

मग केडगाव-चौफुल्यावरून यायचं ठरलं आणि मोडलं, कारण त्या रस्त्यानं गेलेलं कुणी बैठकीत नव्हतं. शेवटी मुलाच्या थोरल्या काकांनी तोडगा काढला. "हडपसरला कार्यालय घेऊ. तुम्ही रस्त्यानं या, आम्ही रेल्वेनं येतो."

"पण लग्न शिरूरला व्हायला पाहिजे," मेव्हणा हटून बसला.

"अहो, हडपसर शिरूरमध्येच येतं की," काका म्हणाले. "लोकसभेला."